जुन्या रशियन नोटा जमवायच्यात? आधी सही बघायला शिका

रशियन नोटांचा नाद लागला की बहुतेक जण पहिली चूक एकच करतात, मीही तीच केली, म्हणजे थेट कॅथरीन राणीच्या काळातली नोट शोधायला निघालो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे १७६९ ची म्हणून एक दिसली, पिवळट कागद, खाली चार सह्या, कडा थोड्या कुरतडलेल्या, आणि किंमत आवाक्यातली. घेतली. पाकीट आलं त्या रात्री खोलीतला दिवा घालवून तिच्यावर यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा टॉर्च मारला आणि अख्खा कागद निळसर पांढरा उजळला, ट्यूबलाइटसारखा. चिंध्यांपासून बनवलेला जुना कागद असा उजळत नाही, तो मळकटच राहतो, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं विसाव्या शतकातली आहेत. मग भिंग घेतलं तर सह्या शाईच्या नव्हत्याच, बारीक बारीक ठिपके होते, प्रिंटरचे. पैसे गेले ते गेले पण त्या रात्रीपासून मी नोट हातात आली की आधी सही बघतो आणि हे लिहितोय ते त्यासाठीच, नवीन लोकांनी पहिले पैसे घालवायच्या आधी हे वाचावं.

सही का, तर त्यासाठी थोडा इतिहास लागेल. रशियात अठराव्या शतकात रोजचे व्यवहार बरेचसे तांब्याच्या नाण्यांत चालायचे. १६ किलोच्या आसपास तांबं म्हणजे एक पूद, आणि एका पूदातून १६ रुबलची नाणी पाडायची असा हिशोब होता, म्हणजे एक रुबल तांब्यात घेतला तर वजन एक किलोच्या थोडं वर. १०० रुबल म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या! व्यापाऱ्याला १००० रुबल मॉस्कोहून पीटर्सबर्गला न्यायचे तर गाड्या जुंपायला लागणार. त्यात १७६८ मध्ये तुर्कस्तानशी लढाई सुरू झाली आणि तिजोरीला पैसा हवा होता. मग डिसेंबर १७६८ च्या जाहीरनाम्याने कॅथरीन दुसरी हिने पीटर्सबर्ग आणि मॉस्को अशा दोन ठिकाणी असिग्नात्सिया बँका काढल्या आणि १७६९ पासून २५, ५०, ७५ आणि १०० रुबलच्या नोटा सुरू झाल्या. या नोटांना असिग्नात्सिया म्हणतात, कलेक्टर लोक बोलताना असिग्नाट म्हणतात.

दिसायला ही नोट एकदम साधी. पांढरा कागद, काळ्या शाईत छापलेला मजकूर, चित्र असं काही नाही. वरच्या बाजूला दोन लंबगोल ठसे, शाई न लावता नुसते दाबून उठवलेले, एकात गरुड आणि तोफा-झेंडे, दुसऱ्यात खवळलेल्या समुद्रात उभा खडक आणि त्यावर एकच शब्द, ‘न्येव्रेदिमा’, म्हणजे जिला काही इजा होत नाही अशी. कागद उजेडासमोर धरला की कडेने वॉटरमार्कमध्ये अक्षरं दिसतात, मातृभूमीचं प्रेम तिच्या हितासाठी काम करतं अशा अर्थाची. आणि खाली चार माणसांच्या सह्या, खऱ्या, पिसाच्या टाकाने केलेल्या. प्रत्येक नोटेवर! मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त काय भिडलं असेल तर हे, की अडीचशे वर्षांपूर्वी कोणीतरी टेबलाशी बसून एकामागून एक हजारो कागदांवर स्वतःचं नाव लिहीत होतं, आणि ते नाव आहे म्हणून त्या कागदाला तांब्याची किंमत होती. कुठे घाईत शेपूट लांबलंय, कुठे टाकातली शाई संपत आलीय, हे आजही दिसतं.

बनावट करणारेही लगेच कामाला लागले. रशियनमध्ये पंचवीस आणि पंचाहत्तर हे दोन्ही शब्द ‘प्यात’ म्हणजे पाच याच शब्दाने संपतात, त्यामुळे २५ च्या नोटेवरचा पुढचा शब्द खोडून ७५ करणं जमायला लागलं आणि १७७१ पासून सरकारने ७५ ची नोटच बंद केली. १७८६ मध्ये नवीन छपाई आली, ५ आणि १० च्या छोट्या नोटाही आल्या, पाचची निळसर, दहाची लालसर कागदावर, आणि जुन्या पहिल्या प्रकारच्या नोटा बदलून घेऊन जाळून टाकल्या. म्हणून १७६९ ते १७८६ ची खरी नोट बाजारात जवळजवळ येतच नाही, आली तर मोठ्या लिलावात येते. कोणी स्वस्तात देतंय म्हणजे काय ते समजून जा. निळी आणि लाल हे रंग मात्र टिकले, पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ पाचची नोट निळी आणि दहाची लाल, लोक तिला लाडाने सिन्येन्काया आणि क्रास्न्येन्काया म्हणायचे, म्हणजे निळुली नि लालुली म्हणा ना. जुन्या रशियन कादंबऱ्यांत कोणी कोणाच्या हातात ‘एक लाल’ सरकवली असं आलं तर ती दहाची नोट.

आता सुरुवात कुठून करायची. माझं स्पष्ट मत आहे, उलटीकडून करा. शेवटच्या झारच्या म्हणजे रशियन सम्राटाच्या काळातल्या नोटा आधी घ्या आणि हळूहळू मागे जा. १८९८ ते १९१२ या तारखांच्या नोटा अजून भरपूर मिळतात, आपल्याकडच्या कॉइन एक्झिबिशनमध्येही डीलरकडे परदेशी नोटांच्या ढिगात असतात, आणि स्वस्तही असतात. का भरपूर, तर १९१७ ची क्रांती झाल्यावर खूप लोकांनी त्या ट्रंकेत जपून ठेवल्या, जुने दिवस परत येतील आणि या परत चालतील या आशेवर. दिवस आले नाहीत. १९२२ पासून १९२४ पर्यंत नवीन सरकारने तीनदा शून्यं कापली आणि शेवटी हिशोब असा झाला की एक नवा सोन्याचा रुबल म्हणजे जुने ५००० कोटी रुबल. ट्रंकेतले कागद तसेच राहिले, कोरे करकरीत, आणि तेच आज आपल्याला मिळतायत. मला एखादी घडी न पडलेली नोट हातात घेताना नेहमी ती ट्रंक आठवते, बरं वाटत नाही पण खरं आहे.

पहिल्या पाच नोटा मी अशा सुचवीन, १ रुबल १८९८, ३ रुबल १९०५ हिरवी, ५ रुबल १९०९ निळी, १० रुबल १९०९ लाल, आणि १०० रुबल १९१०. पाच आणि दहाची उभी आहे, आडवी नाही, हातात आली की वेगळीच मजा. शंभरची नोट तर बघाच, २६ सेंटीमीटर लांब आणि १२ हून जास्त रुंद, आपली आत्ताची ५०० ची नोट १५ सेंटीमीटर लांब आहे त्यावरून अंदाज येईल. मागे कॅथरीनचं मोठं चित्र, म्हणून तिला कातेन्का म्हणायचे. उजेडासमोर धरलीत तर वॉटरमार्कमध्येही तीच बाई, आणि खरी नोट असेल तर चेहऱ्यावरचा उजेड-सावलीचा उतार अगदी मऊ दिसतो, कुठे कडक रेघ नाही. नकली वॉटरमार्क बहुतेक वेळा वरून फिक्या शाईने छापलेला असतो, तिथे रेघ कडक दिसते आणि नोट सपाट ठेवली तरी तो दिसत राहतो.

१८९७ मध्ये अर्थमंत्री विट्टे यांनी रुबल सोन्याला बांधला, त्यामुळे या नोटांवर चक्क लिहिलेलं आहे की रशियाची स्टेट बँक नोटेच्या बदल्यात सोन्याचं नाणं देईल, रकमेची मर्यादा नाही, आणि एका रुबलमागे किती सोनं तेही. १०० रुबल म्हणजे ७७ ग्रॅमच्या वर शुद्ध सोनं, आपल्या सोनाराच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने पावणेआठ तोळे. १९१४ मध्ये महायुद्ध लागलं आणि सोनं देणं बंद झालं, नोटेवरचं वाक्य मात्र तसंच छापत राहिले.

आता महत्त्वाचं. या नोटांवरचं वर्ष म्हणजे छापल्याचं वर्ष नाही, डिझाइनचं वर्ष आहे. १८९८ लिहिलेली एक रुबलची नोट १९१६ मध्येही छापलेली असू शकते. मग खरं वय कसं काढायचं? सहीवरून. खाली ‘उप्राव्ल्यायुश्ची’ म्हणजे बँकेचा मुख्य अधिकारी याची सही असते आणि दुसरी ‘कास्सिर’ म्हणजे कॅशियरची. मुख्य अधिकारी क्रमाने चार झाले, प्लेस्के १८९४ ते १९०३, मग तिमाशेव्ह १९०९ पर्यंत, मग कोन्शिन १९१४ पर्यंत आणि शेवटी शिपोव्ह १९१७ पर्यंत. शिपोव्हची सही असलेल्या नोटा डोंगरासारख्या छापल्या गेल्या, त्या स्वस्त. कोन्शिन थोडी वरची, तिमाशेव्ह त्याहून, आणि प्लेस्के खरंच शोधावी लागते. एकाच डिझाइनच्या दोन नोटा, एकीचा भाव दुसरीच्या कितीतरी पट, फरक फक्त त्या सहीचा. ३ रुबल १९०५ वर तिमाशेव्ह, कोन्शिन, शिपोव्ह तिघं मिळतात, ५० रुबल १८९९ वर चौघंही. १९०९ च्या नोटेवर प्लेस्के असू शकत नाही, तो तेव्हा पदावरच नव्हता, तेव्हा कोणी अशी दाखवली तर बघायलाच नको. डीलरला बऱ्याचदा हे वाचता येत नाही आणि तो सगळ्या एकाच भावाने देतो, तिथे तुमचा अभ्यास कामी येतो.

त्यासाठी रशियन अक्षरं शिका. घाबरू नका, ३३ अक्षरं आहेत, देवनागरी येणाऱ्या माणसाला आठवड्याभराचं काम, उच्चाराप्रमाणेच बरंचसं लिहिलेलं असतं. झारच्या काळातल्या लिखाणात व्यंजनावर संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक मुकं अक्षर लावायचे, दिसायला इंग्रजी छोट्या b सारखं आणि वर डावीकडे बारीक शेंडी. १९१८ च्या सुधारणेत ते शब्दांच्या शेवटून गेलं. म्हणजे ‘बिल्येत’ (नोट) या शब्दाच्या शेवटी ते नाहीये आणि नोट १९०५ ची म्हणतायत, तर छापणाऱ्याने आजची स्पेलिंग वापरलीय.

अजून एक गोष्ट, यात लोक फार गोंधळतात. नेहमीच्या नोटेवर दोन अक्षरं आणि सहा आकडे असतात. पण १९१५ नंतर एक रुबलच्या आणि पुढे पाचच्याही नोटांवर नंबर छोटा केला, दोन अक्षरं आणि तीनच आकडे, कारण तो एका नोटेचा नंबर नव्हताच, अख्ख्या सिरीजचा होता. त्यामुळे एकाच नंबरच्या दोन नोटा मिळाल्या तर दोन्ही खऱ्या असू शकतात. आपल्याकडच्या सवयीने लगेच नकली म्हणून परत करू नका. यातल्या बऱ्याच नोटा क्रांतीनंतरच्या आहेत, नवीन सरकार झारचा गरुड असलेल्याच प्लेट वापरून छापत होतं.

भिंगाखाली बघायची एक सुंदर गोष्ट सांगतो. १८९० च्या दशकात पीटर्सबर्गच्या सरकारी छापखान्यात इव्हान ओर्लोव्ह नावाच्या माणसाने छपाईची एक पद्धत काढली, तिला आजही ओर्लोव्ह छपाई म्हणतात. एकच बारीक रेघ असते, ती चालता चालता निळ्याची हिरवी होते, हिरव्याची लाल होते, आणि रंग बदलतो तिथे रेघ तुटत नाही, सरकत नाही, दुहेरी होत नाही. सगळे रंग आधी एका प्लेटवर गोळा करून मग एकदमच कागदावर उतरवायचे, हे त्याचं तंत्र. १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दोनेकशे रुपयांत मिळतं, आणि अशी एखादी रेघ डोळ्याने पकडून तिच्यामागे जा. कलर झेरॉक्समध्ये तीच रेघ ठिपक्यांची होते. २५ रुबल १८९२ ही या पद्धतीची पहिली नोट, ती महाग आहे, पण नंतरच्या नोटांवरही हे काम बघायला मिळतं.

हे सगळं हाताला बसलं, चाळीस-पन्नास नोटा डोळ्याखालून गेल्या, की मग मागे सरका. १८६६ पासूनच्या नोटांवर राजांची चित्रं येतात, पाचवर दिमित्री दोन्स्कॉय, पन्नासवर पीटर पहिला, शंभरवर कॅथरीन. त्याआधी १८४३ च्या क्रेडिट नोटा. त्या का आल्या, तर असिग्नाट इतके छापले गेले की १८१७ मध्ये ते ८३ कोटी ६० लाख रुबलचे होते आणि १८१५ च्या सुमारास कागदी रुबलला चांदीत जेमतेम २० ते २५ कोपेक मिळत होते, १०० कोपेकचा एक रुबल. म्हणून अर्थमंत्री कान्क्रिन यांनी १८३९ ला चांदीचा रुबल पाया धरला, साडेतीन कागदी रुबल म्हणजे एक चांदीचा, आणि १८४३ पासून असिग्नाट काढून घेऊन नवीन नोटा दिल्या. या नोटांवर वर्ष दरवर्षी बदलायचं, म्हणजे इथे छापलेलं वर्ष खरंच त्या वर्षाचं. असिग्नाट घ्यायचाच असेल तर १८१८ ते १८४३ च्या प्रकारातला ५ रुबलचा बघा, सगळ्यात आवाक्यातला तोच, आणि त्यावर मुख्य अधिकारी प्रिन्स होवान्स्की यांची सही छापील तर कॅशियरची हाताची, एकाच कागदावर दोन्ही शेजारीशेजारी. सही ओळखायला याच्याइतका चांगला धडा नाही. हाताची सही भिंगाखाली कागदाच्या तंतूंत मुरलेली दिसते, काळाची तपकिरी झालेली असते, वळणावर जिथे टाक दाबला गेला तिथे गडद, आणि पुष्कळदा मागच्या बाजूलाही तिची सावली उतरलेली असते. छापील सही सगळीकडे एकसारखी काळी.

आणि यावरूनच सर्वात प्रसिद्ध नकली नोटा पकडल्या जातात, नेपोलियनच्या. १८१२ मध्ये रशियावर चाल करताना फ्रेंचांनी बनावट असिग्नाट छापून आणले, मुख्यतः २५ आणि ५० चे. कागद खऱ्यापेक्षा चांगला, थोडा निळसर. पण सह्या हाताने करायला वेळ कुठे होता, त्या प्लेटवर कोरून छापल्या. शिवाय कोरणाऱ्याला रशियन येत नसावं. रशियन ‘द’ म्हणजे घरासारखं अक्षर, खाली दोन छोटे पाय, आणि ‘ल’ म्हणजे तसंच पण पाय नाहीत. काही नोटांवर हे पाय विसरलेत, त्यामुळे ‘होद्याचेयु’ म्हणजे चालू नाणं या अर्थाच्या शब्दाचं ‘होल्याचेयु’ झालंय आणि ‘गोसुदार्स्त्वेन्नॉय’ मध्ये द च्या जागी ल आलाय. सगळ्या नेपोलियनी नोटांवर ही चूक नसते, त्यामुळे चूक नाही म्हणून खरी असं समजू नका, सही बघाच. गंमत म्हणजे कलेक्टरना या नकली नोटाच हव्या असतात, त्यांना चांगला भाव आहे, आणि आता नेपोलियनच्या नकलीच्याही नकली निघाल्यात. एवढे पैसे घालायचे तर पीएमजी सारख्या ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नोट खरी आहे का आणि कशा अवस्थेत आहे ते तपासून देणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद पाकिटातली किंवा जुन्या लिलावाचा कागद असलेली घ्या.

एक १९१७ ची नोट आपल्या लोकांना हमखास दाखवली जाते, २५० रुबल, मध्ये दोन डोक्यांचा गरुड, मुकुट नसलेला, आणि त्याच्या मागे स्वस्तिक. विकणारे कधी नाझी म्हणतात कधी हिंदू म्हणतात. दोन्ही चूक, ती झार गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारची नोट आहे, स्वस्तिक तेव्हा युरोपात शुभचिन्ह म्हणून सजावटीत वापरायचे. घ्या, स्वस्त आहे, पण गोष्टीचे जास्त पैसे देऊ नका.

घेण्याबद्दल थोडं. २०२२ पासून रशियातल्या विक्रेत्याला आपल्या कार्डाने पैसे पाठवणं अवघड झालंय, आणि तिथून शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू बाहेर न्यायला परवानगी लागते. जर्मनी किंवा बाल्टिक देशांतले डीलर सोपे पडतात. फोटो दोन्ही बाजूंचे मागा, आणि एक उजेडासमोर धरलेला मागा, त्यात वॉटरमार्क तर दिसतोच पण चिकटवलेली फाट, टाचणीची भोकं, बुजवलेली घडीही दिसते. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या. कॅटलॉगमधला पिक नंबर विचारा, जर्मन संग्राहक आल्बर्ट पिक यांच्या नावाने हे नंबर चालतात, १ रुबल १८९८ चा पहिलाच, १०० रुबल १९१० चा तेरा.

आणि ठेवण्याबद्दल कळकळीने सांगतो, लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे रेशनकार्डापासून आजोबांच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, नोट लॅमिनेट केली की ती संपली. सेलोटेप नको, इस्त्री नको, धुणं तर नकोच, पावडरने धुतलेली नोट यूव्ही टॉर्चखाली उजळते आणि पुढचा घेणारा तिला नकली ठरवतो. मऊ पीव्हीसीची पाकिटं दोन-तीन वर्षांत चिकट होतात, पॉलिस्टरची घ्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला अल्बम ठेवू नका, ओल येते, तपकिरी डाग पडायला लागतात आणि कसर लागते ती वेगळी. मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलतो, आणि आभाळ स्वच्छ असेल अशा दिवशी अल्बम पंख्याखाली उघडा ठेवतो, उन्हात नाही.

पाकिटात नोटेबरोबर एक छोटी चिठ्ठी ठेवतो, पेन्सिलने लिहिलेली, कुठली नोट, कोणाच्या सह्या, कुठे कधी कितीला घेतली. मुख्य अधिकाऱ्याचं नाव सगळ्यांनाच वाचता येतं, कॅशियरचं बघा, तेही वाचा. माझ्याकडे ३ रुबलच्या सहा नोटा आहेत, सहाही शिपोव्हच्या आणि सहावर सहा वेगळे कॅशियर, दोघांची नावं अजून नीट लागलेली नाहीत, रविवारी भिंग घेऊन बसलो की त्यातलं एक अक्षर सुटतं कधीतरी.